अललडुर्रचे वारसदार

आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' २६ जानेवारी २०२२ रोजी पडद्यावर आला, त्याला आता काही वर्षे लोटली. तरी त्याच्याविरुद्धची फिर्याद सांगली-साताऱ्याच्या सुसंस्कृत बैठकींतून अद्याप निकालात निघालेली नाही, आणि त्याच दिग्दर्शकाच्या 'मुंज्या'ने २०२४ साली हिंदीत अमाप द्रव्य मिळविल्यापासून तर तिला नव्याने धार चढली आहे. आमचे एक सांगलीकर स्नेही, ज्यांच्या नाट्यव्यासंगाविषयी माझ्या मनात नितान्त आदर आहे व ज्यांना देवल-खाडिलकरांचे प्रवेशच्या प्रवेश मुखोद्गत आहेत, ते ह्या फिर्यादीचे प्रमुख वकील होत. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: चालते-चावते प्रेत ही कल्पनाच मुळात परकी, ते प्रेत खरे वाटावे एवढे द्रव्य मराठी निर्मात्यापाशी नाही, म्हणून ते हास्यास्पद दिसते, आणि हास्यास्पद दिसते म्हणून त्याला विनोदी म्हणून खपविण्याची युक्ती निघाली, भय व हास्य यांचा असा संकर साहित्यशास्त्रास संमत नाही, शिवाय असल्या चित्रांनी भुताखेतांवरील विश्वास बळावतो, आणि सर्वांत शोचनीय गोष्ट ही की, आमचा प्रेक्षक ह्या प्रकाराला नाके मुरडण्याऐवजी शिट्या घालतो, रंगविलेल्या जखमेकडे बोट दाखवून खिदळतो व पुढच्याच क्षणी दचकून खुर्चीत मागे सरतो, यावरून ज्या सांगलीने महाराष्ट्राला नाटक दिले त्या सांगलीची अभिरुची लयास गेली हे शाबीत होते. ह्या फिर्यादीतील शेवटचे कलम मला सर्वाधिक खटकते, म्हणून प्रथम तेच विचारास घेतो.

१८४२ साली कर्नाटकातून भागवत मंडळींचा एक मेळ सांगलीस आला आणि त्याने चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धनांसमोर आपले खेळ केले, हा वृत्तान्त मराठी रंगभूमीच्या कोणत्याही इतिहासाच्या आरंभीच आढळतो, आणि तो आमच्या स्नेह्यांनी मला स्वतः अनेकदा ऐकविलेला आहे. ते खेळ ओबडधोबड होते, त्यांतील सोंगांना ताळतंत्र नव्हते, हेही त्याच वृत्तान्तात नमूद असते. परंतु अप्पासाहेबांनी त्या मंडळींना सीमेपार करून अभिरुचीच्या ऱ्हासावर खेद व्यक्त केला नाही. त्यांनी आपल्या पदरी असलेल्या विष्णुदास भाव्यांना, असेच काही परंतु अधिक नीटस असे रचून दाखवा, अशी आज्ञा केली, आणि तिचे फळ म्हणून १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभे राहिले, ज्याच्या स्मरणार्थ आपण दर वर्षी ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा करतो. म्हणजे ज्या घटनेचा आमच्या मित्रांस सार्थ अभिमान आहे, तिचा उगमच एका स्वस्त, धांगडधिंग्याच्या आणि परप्रांतीय खेळात आहे, व तो खेळ पाहताना डोळे न मिटणाऱ्या एका प्रेक्षकात आहे.

भाव्यांच्या त्या नाटकांचे स्वरूप तरी काय होते? सूत्रधार पद्ये म्हणे, विदूषक उड्या मारीत येई, गणपती व सरस्वती दर्शन देऊन जात, आणि मग ज्याची अवघी सभा वाट पाहत असे तो राक्षस येई: राळेचा भडका, तलवारींचा खणखणाट, काजळाने व रंगाने माखलेला चेहरा आणि त्या प्रसिद्ध 'अललडुर्र' आरोळ्या. भाषणे लिहिलेली नसत. ज्याच्या तोंडाला जे येईल ते तो प्रसंग पाहून बोले. तो राक्षस म्हणजे शेजारच्या आळीतला कोणी ओळखीचा इसम असणार, त्याचे दात लाकडाचे किंवा कागदाचे असणार, आणि हे प्रेक्षकांतील पोराटोरांनादेखील ठाऊक असणार. तरीही ती पोरे भेदरत, हसत आणि पुनः तोच खेळ पाहावयास येत. १८५१ साली अप्पासाहेब निवर्तल्यावर दरबारचा आश्रय सुटला, तेव्हा हेच राक्षस नि हेच विदूषक घेऊन भावे गावोगाव हिंडले व १८५३ मध्ये थेट मुंबईपर्यंत पोहोचले. पुढे १८८० साली किर्लोस्करांचे 'शाकुंतल' आल्यावर शिकलेल्या वर्गाने ह्या जुन्या खेळांना 'अललडुर्र नाटके' असे हिणवून नाव दिले, आणि आज आमचे स्नेही ज्या स्वराने 'झोंबिवली'चे नाव उच्चारतात तो स्वर मला त्याच वर्गाच्या घरातून वारसाने आलेला वाटतो. मात्र इतिहासाचा दाखला त्यांच्या विरुद्ध जातो. राक्षसाच्या आरोळीने रंगणाऱ्या ह्याच मुलुखातून हरिपूरचे देवल व सांगलीचे खाडिलकर निघाले, आणि ज्यांच्या वाडवडिलांनी राळेचे भडके पाहून टाळ्या दिल्या त्यांनीच १८९९ च्या 'शारदे'लाही डोक्यावर घेतले. अललडुर्रने त्यांची अभिरुची बिघडविली असती, तर 'शारदा' पाहावयास उरले असते कोण?

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. भावे हे कळसूत्री बाहुल्यांचेही कसबी कारागीर होते. त्यांच्या त्या जुन्या बाहुल्यांना पुनः हालचाल देणारे रामदास पाध्ये आणि १९९३ साली महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'साठी तात्या विंचू हा बाहुला घडविणारे रामदास पाध्ये हे एकच गृहस्थ होत. सांगलीच्या दरबारापासून विनोदी भयपटापर्यंतची वाट इतकी सरळ असताना तिच्यावर मध्येच नाका बसवून परकेपणाची जकात मागणे मला तरी अन्यायाचे वाटते.

आता स्वस्तपणाचे कलम. खर्च कमी म्हणून भय कमी, आणि भय कमी म्हणून कला कमी, हे जे त्रैराशिक आमच्या मित्रांनी मांडले आहे, ते ह्या प्रकाराच्या जगभरच्या वृत्तान्ताशी कोठेच जुळत नाही. जॉर्ज रोमेरो यांचा १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड', ज्यापासून आजच्या चावऱ्या प्रेतांचा सारा वंश चालू झाला, तो सुमारे १ लाख १४ हजार डॉलरांत, अमेरिकेतील पिट्सबर्गच्या आसपास, कृष्णधवल फितीवर उरकलेला होता आणि त्यातील रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक होता. शिकागोचे समीक्षक रॉजर इबर्ट यांनी दुपारच्या खेळाला आलेल्या मुलांचे जे वर्णन लिहून ठेवले आहे ते वाचण्यासारखे आहे: ती मुले नेहमीच्या भुताच्या चित्राला यावे तशी हसत-खिदळत आली होती, आणि अर्धा खेळ होतो न होतो तोच सभागृह निःशब्द झाले, काही रडू लागली. चॉकलेटच्या पाकाने एवढे साधले. याच्या उलट बाजूचे उदाहरण जपानचे. शिनिचिरो उएदा यांनी २०१७ साली सुमारे ३० लाख येनांत, नामांकित नसलेल्या नटांना घेऊन 'वन कट ऑफ द डेड' केला. तो आरंभी टोकियोतील दोन चित्रगृहांत लागला आणि पुढे त्याने ३०० कोटी येनांहून अधिक मिळविले. त्याची पहिली ३७ मिनिटे कॅमेरा एकदाही न थांबविता घेतलेली आहेत, व ती पाहताना नट अडखळतात, मध्येच विनाकारण थांबतात, कॅमेरा जमिनीवर पडून राहतो, आणि मनुष्यास वाटते की हे सर्व निव्वळ गलथानपणाचे प्रदर्शन आहे. त्यानंतर चित्रपट मागे जातो आणि त्या प्रत्येक अडखळण्यामागे पडद्याआड कोणाची कशी तारांबळ उडाली होती ते दाखवू लागतो, तेव्हा जे क्षण दोष म्हणून आपण मनाच्या दप्तरात टिपून ठेवले होते तेच एकेक करून गुण ठरतात. आमचे स्नेही त्या खेळाला बसले असते, तर अडतिसाव्या मिनिटाला ते चित्रगृहाबाहेर चहा घेत असते, हे मी त्यांच्यावरील लोभानेच म्हणतो.

ह्या उदाहरणातून प्रेक्षकाच्या हसण्याविषयी जे कळते ते माझ्या प्रतिवादाचे मर्म आहे. स्वस्त भयपटाला प्रेक्षक दोन निरनिराळ्या प्रकारांनी हसतो. एक हसणे तुच्छतेचे: निर्मात्याला वाटते की आपण घाबरवीत आहो, आणि प्रेक्षकाला दिसते की मुखवट्याची दोरी सुटली आहे. दुसरे हसणे संगनमताचे: दोरी सुटलेली निर्मात्यालाही दिसते, प्रेक्षकालाही दिसते, दोघांनाही परस्परांचे पाहणे ठाऊक असते, आणि तो मुखवटा अंगावर आला म्हणजे तरीही काळीज लक्कन हलते. पाल, पुसेगाव, म्हसवडच्या यात्रांतून तंबूत बसून ज्याने कधी चित्रपट पाहिला असेल, त्याला ह्या दोन हशांतील भेद डोळे मिटूनही ओळखता येईल. पहिल्यात लोक शेजाऱ्याशी बोलू लागतात, दुसऱ्यात ते पडद्याशी बोलतात. महाराष्ट्रातील तंबू-सिनेमाच्या प्रेक्षकांची अमित मधेशिया यांनी टिपलेली छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. त्यांत पडदा दिसतच नाही, दिसतात ते पडद्याच्या उजेडात न्हालेले चेहरे, आणि त्या चेहऱ्यांवर मला अडाणीपणाचा लवलेश दिसत नाही. ज्याला रंग हा रंग आहे हे कळते आणि जो तरीही रंगाला रक्त होऊ देतो, त्याच्या अंगी विवेकाचे प्रमाण ह्या दोन्हींपैकी एकच करू शकणाऱ्या मनुष्यापेक्षा अधिक मानावे लागेल.

रसविरोधाच्या मुद्द्याकडे वळताना मला किंचित संकोच होतो, कारण शास्त्राचा आधार त्यांनी घेतला आहे आणि शास्त्राने त्यांना अर्ध्यातच सोडले आहे. हास्याला भयानक व करुण हे विरोधी होत, असे विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त आहे, हे खरे. परंतु आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त विरोधी रसांना एकत्र नांदविण्याच्या ज्या सवलती दिल्या आहेत, त्यांत आश्रय भिन्न असेल तर विरोध उरत नाही, ही एक प्रमुख होय. आणि प्रेताच्या तावडीत सापडलेल्या पात्राच्या ठिकाणी भय व ते पाहणाऱ्याच्या ठिकाणी हास्य, यापेक्षा आश्रयभेदाचे स्वच्छ उदाहरण शोधून सापडणे कठीण. याहूनही पुढे अभिनवगुप्त गेला आहे. शृंगाराच्या अनुकृतीपासून हास्य उपजते, या भरताच्या वचनाचा विस्तार करताना तो म्हणतो की, केवळ शृंगाराचाच नव्हे, करुणादी कोणत्याही रसाचा आभास हास्याला कारण होतो. हे मान्य केले की भयानकाचा आभास हेदेखील हास्याचे अधिकृत जन्मस्थान ठरते, आणि कागदी दात लावून आलेला राक्षस किंवा पीठ फासून आलेले प्रेत हे त्या सिद्धान्ताचे चालते-बोलते भाष्य होते. यावर प्रतिपक्ष विचारील की, मग फसलेला प्रत्येक भयपट उत्तम विनोदी चित्रपट मानावा काय? मुळीच नाही. आभास कर्त्याच्या स्वाधीन असला पाहिजे. तो त्याच्या हातून निसटला की उरते ती वर सांगितलेली सुटलेली दोरी. असे निसटलेले चित्रपट मराठीत पुष्कळ आहेत, आणि त्यांची वकिली करण्याचा माझा इरादा नाही.

प्रेत परके म्हणाल, तर राजाच्या खांद्यावर बसून त्याला कोडी घालणारे, आणि राजाने तोंड उघडताच पुनः झाडाला जाऊन लोंबकळणारे वेताळाधिष्ठित प्रेत आपल्या आजोबा-पणजोबांच्या वाचनात होते, आणि ते विनोदीही होते. परंतु मला त्याहून जवळचे नाते दिसते ते उसाच्या फडात. हे विलायती म्हणून हिणविलेले प्रेत जन्मले हैतीत, जेथे फ्रेंच मळेवाल्यांनी आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांकडून ऊस पिकवून घेतला. मेल्यावरही धन्याच्या शेतातून सुटका नाही, कोणी मांत्रिक आपले कलेवर उठवून पुनः कोयता हाती देईल, ही त्या राबणाऱ्यांची भीती त्या कथेच्या मुळाशी आहे. विल्यम सीब्रुक यांनी १९२९ साली आपल्या प्रवासवर्णनात ती कथा अमेरिकन वाचकांपुढे ठेवली तेव्हाही तिच्यात साखरेच्या कंपनीसाठी राबणारी प्रेतेच होती, आणि १९३२ च्या 'व्हाइट झोंबी'त ती साखरेचा कारखाना ओढताना दिसतात. वाळव्यापासून कऱ्हाडपर्यंतच्या कृष्णाकाठी, जेथे बीडहून आलेली जोडपी मुकादमाची उचल अंगावर घेऊन कोप्यांत उतरतात, जेथे नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो आणि मध्यरात्री वाहन आले तरी मोळ्या भरावयास उठावे लागते, तेथे ही कथा परकी ठरविण्यासाठी मनुष्याने आपल्या बांधाकडे पाठच करून बसले पाहिजे.

अंधश्रद्धेचा आक्षेप साताऱ्यातून यावा याचे मात्र मला नवल वाटत नाही, कारण नरेंद्र दाभोलकरांचे ते गाव. आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर ह्या विषयावर हलक्या जिभेने बोलणे कोणाही विचारी मनुष्यास अवघड जाते. तथापि दाभोलकरांचा झगडा भय दाखवून लुबाडणाऱ्यांशी होता. 'झोंबिवली'तील आपत्तीला ना मंत्र लागू पडतो, ना उतारा, ना अंगारा. तिचे मूळ दूषित पाण्यात आहे, आणि जिची चौकशी भगताकडे न जाता पाणीपुरवठा खात्याकडे जाते ती भुताटकी श्रद्धेचे दुकान चालवू शकत नाही. भगताला हसणारा प्रेक्षक कधीच नको असतो.

इतका बचाव केल्यावर आरोपीविषयीही चार शब्द स्पष्टपणे सांगणे भाग आहे, कारण मी त्याचा वकील असलो तरी त्याच्या पगारी नाही. चित्रपटाची मांडणी चांगली आहे: डोंबिवलीची उंच नवी वसाहत, तिला खेटून झोपडपट्टी, दोहोंमध्ये पाण्याचा तंटा, अमेय वाघ यांनी उभा केलेला भिडस्त मध्यमवर्गीय अभियंता, त्याची गरोदर पत्नी वैदेही परशुरामी, आणि भिंतीपलीकडचा तडफदार ललित प्रभाकर. पूर्वार्धात प्रेते व पांढरपेशे यांची गाठ पडते तेथे हसू आणि धसका खांद्याला खांदा लावून चालतात. उत्तरार्धात मात्र लेखकांचा आपल्याच रूपकावरचा विश्वास उडतो. जी गोष्ट चावऱ्या तोंडांनी आपोआप सांगितली असती, ती पात्रे भाषणांतून समजावून सांगू लागतात. प्रेते ओसरतात, व्याख्यान चढते. यात द्रव्याची कमतरता कोठेच आड येत नाही, कारण भाषण काढून टाकावयास पैसे लागत नाहीत. आमच्या स्नेह्यांनी ह्या दोषावर बोट ठेवले असते, तर मी निमूटपणे मान डोलावली असती; त्यांनी बोट ठेवले ते पिठाच्या थरावर.

पाण्याचे रूपक आमच्याकडच्या प्रेक्षकाला समजावून सांगण्याची गरज किती कमी होती, हे ज्याला कळावयाचे त्याने मिरज स्थानकाची आठवण करावी. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदीचा हुकूम लावावा लागला होता, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचे पाणी भरलेल्या १० वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर, घेऊन पहिली गाडी तिकडे निघाली. त्याच मिरजेच्या शेजारी जत, आटपाडी, कवठेमहांकाळ आणि साताऱ्याकडील माण-खटाव हे तालुके पिढ्यान्‌पिढ्या टँकरकडे डोळे लावून बसलेले. आटपाडीच्या पाणी परिषदांतून नागनाथअण्णा नायकवडींनी समान वाटपाची मागणी किती वर्षे मांडली, हे येथील म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. टँकरभोवतीची झोंबाझोंबी ज्याने पाहिली आहे, त्याला हंड्यासाठी मनुष्य मनुष्याला चावतो हे दृश्य अतिशयोक्त वाटत नाही, आणि म्हणूनच त्याला त्याचे हसूही येते.

आणखी एका आक्षेपाचा उल्लेख करून आटोपते घेतो. साथीच्या दिवसांत साथीची थट्टा कशी करवली, असे साताऱ्याच्या एका वृद्ध बाईंनी मला विचारले, आणि त्यांच्या प्रश्नाला मी स्नेह्यांच्या सर्व कलमांपेक्षा अधिक मान देतो. चित्रपट लागला तेव्हा चित्रगृहांना निम्म्याच खुर्च्या भरण्याची मुभा होती. मुखपट्ट्या लावलेली माणसे एक-एक खुर्ची सोडून बसून, श्वासाने नव्हे तर चाव्याने पसरणारा रोग पाहत होती. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात एकाच कुटुंबात रुग्ण सापडत गेले, तेव्हा सबंध जिल्हा त्या गावाकडे कोणत्या नजरेने पाहू लागला होता, हे आपण सर्वांनी अनुभविले आहे. कालचा शेजारी आज स्पर्शास अयोग्य ठरला, आणि त्या दिवसांत त्याविषयी कोणी हसले नाही, तसे कोणी मोकळेपणे बोललेही नाही. दोन वर्षांनी त्या वर्तनाचे विडंबन समोर आले आणि लोक हसले, तर ते मृतांना हसले असे मला वाटत नाही. दाराची कडी लावून घेणाऱ्या स्वतःला ते हसले. बाईंना हे पटले नाही, आणि त्यांच्या घरी त्या साथीत काय घडले हे ठाऊक असल्याने मी पुढे वाद घातला नाही.

स्नेह्यांशी मात्र वाद चालूच ठेवावयाचा आहे. त्यांना माझी सूचना अशी की, मराठीत पुढचे प्रेत कोणी उठविणारच असेल, तर ते त्याने डोंबिवलीत न उठविता गळिताच्या हंगामात एखाद्या साखर कारखान्याच्या फाटकापाशी उठवावे, कोयता हाती देऊन, उचल न फिटलेले असे. खर्चही फार येणार नाही, कारण पाचट फुकट मिळते आणि रात्री फडात दिवे असतात ते वाहनांचेच. तो चित्रपट निघालाच तर त्याच्यावर पहिला आक्षेप रसविरोधाचा येणार नाही, तो कारखान्याच्या संचालक मंडळाकडून येईल, आणि त्या दिवशी आमच्या मित्रांनी कोणाच्या बाजूने उभे राहावयाचे ते त्यांनी आताच ठरवून ठेवावे.